सूत रात्रभरात बसतं

६ ऑक्टोबर, मंगळवार
ईद्रिया गावच्या लेसशाळेत नाव घातलं. प्रौढांचा वर्ग. माझ्याशिवाय सगळ्या बायका. माझी बायको ब्रेदा लहानपणी इथेच शिकली. डिसेंबरात ती हिवाळी कपडे न्यायला येईल, तोवर माझ्या हातची लेस तयार हवी. ती पाहून ब्रेदा राहील, असं वाटतं. कशावरून वाटतं, ते तपासलं. ठोस काही नाही. तरी वाटतं.

१३ ऑक्टोबर
शिकवणाऱ्या फानीबाई म्हणाल्या, अरे लाद्को, सूत इतकं आवळू नकोस, पळून जातंय का ते? वर्गात शेजारी बसणारी सिल्वा, निवृत्त नर्स, म्हणाली, बायको सोडून गेली ना बाई, म्हणून धास्ती. वर्ग हसला. मीही हसलो. वाईट वाटलं का, ते घरी येऊन आठवलं. नाही वाटलं.

२० ऑक्टोबर
बाईंची शिकवण: चुकलं तर कात्री लावायची नाही. चूक सापडेपर्यंत उसवत मागे जायचं.
रात्री ब्रेदाला मेसेज लिहिला. आमचं भांडण उसवत उसवत लग्नाआधीपर्यंत गेलो. तिचं उत्तर: माझे हिवाळी बूट पुसून ठेव. उत्तर आलं, हे महत्त्वाचं.

२७ ऑक्टोबर
मागच्या वेळी लेसमधल्या पानाची कडा वाकडी झाली होती. आज सरळ! बाई म्हणाल्या, सूत रात्रभरात बसतं रे, विणायची उशी लेससकट इथेच ठेवत जा. सिल्वाला खोकला आला. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. हवेतला दमटपणा, धाग्यावरचा ताण. मला लगेच पटलं.

१० नोव्हेंबर
सूत उत्तम बसतंय. आज लेस बोटभर पुढे गेलेली दिसली. मी इतकी विणली होती? प्रामाणिकपणे विचार केला. विणली असणार. एकाग्रतेत लक्षात राहत नाही.

१७ नोव्हेंबर
घरी रोज सराव करायचं ठरवलं होतं. झाला नाही. बाई म्हणतात, मन कडू असताना विणायला बसू नये. मन कडू नव्हतं. काहीच नव्हतं. अशा वेळी बसावं की नाही, हे विचारायचं राहिलं.

१ डिसेंबर
विणताना लेसची उलटी बाजू वर असते. आज टाचण्या काढल्यावर सुलटी पहिल्यांदा दिसली. सुरेख. बाई म्हणाल्या, ब्रेदाला दिव्याच्या उजेडातच दाखव हं, खिडकीपाशी नको. दिव्यात जास्त खुलत असावी.

५ डिसेंबर, शनिवार
ब्रेदा आली. बटाट्याच्या सारणाचे झ्लिक्रोफी उकडून ठेवले होते. ती जेवून आली होती. दिवा लावला, पण ती लेस घेऊन थेट खिडकीपाशी गेली. म्हणाली, हा फानीबाईंचा हात आहे. मग एका कोपऱ्यातल्या आवळलेल्या सुतावर बोट ठेवून म्हणाली, हा एवढा तुझा.
मी दमटपणाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, पुरे रे. त्यांना धड दिसत नाही आता. तू घरी गेलास की तुझं उसवून पुन्हा विणत बसायच्या, आणि तुला कळलंही नाही?
कळलं होतं का? विचार केला. सांगता येत नाही.
लेस तिने टेबलावर ठेवली. हिवाळी कपडे भरले. मग उन्हाळीही भरले.
पिशव्या खाली मीच नेल्या. गाडीत मावत नव्हत्या. सगळ्या बाहेर काढून पुन्हा नीट लावून दिल्या.