लाल घोड्याची पाठ

परळ, कार्तिक वद्य ५, शके १८१६

ती. तुळसाबाय हिच्या पायांशी धाकट्या भावाचा दंडवत, वि. वि.

भावोजींच्या होडीवर माणूस कमी आहे हे ठाऊक आहे, पण सध्या येणे नाही. इथे तबेल्यात घोड्यांच्या चाकरीला लागलो आहे. बोटीतून ऑस्ट्रेलियाचा एक लाल घोडा उतरलाय, पाठीवर कधी पोतेही न पडलेला. घोडे शिकवणारे आमचे चाबूकस्वार गणपतमामा म्हणतात, माघापर्यंत याने स्वार घेतला नाही तर तबेल्याचे शेठ याला खडीच्या गाडीसाठी विकतील. तसले घोडे मी डिलाईल रोडला पाहिलेत, नुसत्या बरगड्या. तिथेच एकाचे माकड विडी ओढते. असो.

रोज त्याला दादरच्या किनाऱ्यावर नेतो. छातीभर पाण्यात घोड्याला उसळता येत नाही. आधी पाठीवर नुसता आडवा पडायचो, मग पाय टाकला. काल कोरड्या वाळूवर आलो तरी त्याने पाडले नाही. मामा म्हणाले, बसलास की रे. मी तेव्हा लांबचे मचवे बघत होतो.

राग धरू नये, माया असू द्यावी.
तुझा जगन

शीव कोळीवाडा, मार्गशीर्ष शु. २

चि. जगन यास तुळसाबायचे अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेतल्या गंगाधर पंतोजींकडून लिहून घेते आहे, म्हणून शिव्या गाळल्यात. आधी गलबत, मग छापखाना, आता घोडा. तुझे भावोजी म्हणतात, होडी उलटते पण लाथ तरी मारत नाही. हाडे सांभाळ. सुकट पाठवते आहे, घोड्याला चारू नकोस.

कळावे, बायला विसरू नये.

परळ, पौष शु. ७

ती. तुळसाबाय हीस दंडवत, वि. वि.

सुकट मामांनीच संपवली. गिऱ्हाईक येऊन गेले. त्यांच्या स्वाराने रिकिबीत पाय घातला मात्र, घोड्याने त्याला कुंपणापलीकडे टाकले. मी बसलो तर गायीसारखा उभा. मी ऐटीत सगळ्यांकडे पाहिले. शेठ म्हणाले, हा तुझा घोडा झाला, आता तुलाच विकू काय?

चूक माझीच. दाणा मी, खरारा मी, बसणारही मीच. आता गिऱ्हाईक माघात पुन्हा बघणार, तेव्हाही पाडले तर खडीची गाडी. म्हणून मामांनी मला बाजूला केलेय. दाणा रोज वेगळा माणूस देतो, वेगळाच बसतो. मी समोर लीद काढतो. त्याला हाक मारायची नाही. तो खिंकाळला तरी मान वर करायची नाही. खिंकाळतो पुष्कळ.

लोभ असावा.
जगन

शीव कोळीवाडा, पौष वद्य १

चि. जगन यास आशीर्वाद.

जीव लावायचा नि मग तोडायचा, हा कसला रे धंदा? होडीवर तुझी जागा आहे. पण हे अर्धवट टाकून येऊ नकोस, भावोजींना मी काय तोंड दाखवू? जेवत जा.

तुझी बाय

परळ, माघ शु. ९

ती. तुळसाबाय हीस दंडवत.

घोडा विकला गेला, स्वारीसाठीच. मागे पडलेला तोच स्वार बसला. घोड्याने कान मागे टाकले, थोडा थरथरला, नि चालू लागला. फाटकापाशी मी झाडू घेऊन उभा होतो. वाट अरुंद, त्याचा खांदा मला घासून गेला. त्याने मान वळवली नाही. मामा म्हणाले, आता झाला तयार.

त्यानंतर झाडलेलेच अंगण मी पुन्हा झाडत होतो म्हणे. मामांनी हातातून झाडू काढून घेतला.

भावोजींस नमस्कार सांगावा. माया आहे तेवढी राहू द्यावी.
जगन