ओळीत शेवटचं कोण?

ता. ९ मार्च, रविवार दुपार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

गुरुजी ‘काढा पुस्तकं’ म्हणायचे आणि अख्खा वर्ग एकदम पुस्तक उघडायचा, तो आवाज आठवतो? फर्रर्र! कौलांवरून पाखरांचा थवा उठल्यासारखा. एकाच खोलीत तुझी चौथी आणि माझी दुसरी. हल्ली डोळा लागता लागता मला तो ऐकू येतो. खिडकीखाली परका रस्ता वाहत असतो आणि मी मात्र कवितेच्या तासाला बसलेला.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा कुरकुरतो आणि लेक माझ्यावर कुरकुरते.

भाच्याला भेटू देतात का गं आता? आपलीच ती शाळा बंद करू नका म्हणून पालकांना घेऊन रस्त्यावर बसला, तर पोराला थेट तुरुंगात घातलं. माझ्या मांडीवर बसून कविता पाठ केल्या त्यानं. मधलंच कडवं गाळायचा लबाड.

म्हणून आम्हीही उभे राहतो. आपल्या देशाच्या इथल्या वकिलातीसमोर, दर शनिवारी. परवानगी मिळाली, पण घोषणा नाहीत, भोंगा नाही. मी म्हटलं, मग पुस्तकं आणा. माझा हात वर गेला की एकदम उघडायची, मनात वाचायचं, हात खाली आला की मिटायची.

आमच्यातला बेकरीवाला म्हणाला, “काका, हा मोर्चा आहे की परीक्षा?”

नर्सबाई म्हणाली, “मी तर नापासच!”

पहिल्याच शनिवारी फजिती. फलक राहिला बेकरीत. आणि आपली माणसं ती आपलीच, कुणी न सांगता उंचीप्रमाणे ओळीत उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला राहायची तशी. येणारे-जाणारे विचारायला लागले, “शेवटचं कोण?” आणि व्हिसाची रांग समजून मागे उभे! ओळ कोपऱ्याला वळली. शेवटी वकिलातीच्या खिडकीतला कारकून बाहेर आला आणि सगळ्यांना टोकनं वाटून गेला. माझाही नंबर पुकारला. म्हटलं, चला.

“काय काम आहे?”

“माझ्या भाच्याला सोडा.”

तो चष्म्यावरून बघतच राहिला. “काका, ते काम या खिडकीवर होत नाही.”

“मग कुठल्या?”

त्यानं पुढचा नंबर पुकारला. पण तेव्हापासून माझा हात वर गेला की त्याच्या खिडकीचा पडदा हलतो. आणि आमची पुस्तकं उघडतात, फर्रर्र! ताई, क्षणभर तो रस्ता राहत नाही गं. तू पुढच्या बाकावर असतेस, दोन वेण्या घालून.

तू दर फोनला विचारतेस, येतोस कधी? मी म्हणतो, थंडी ओसरू दे. थंडी केव्हाच ओसरली. समोरच्या झाडाला पालवी आलीय. पासपोर्ट नवा करायला दिलाय, तो वकिलातीतून परत येत नाही. परवानगीच्या अर्जावर पहिली सही माझी आहे ना.

लेक म्हणते, “बाबा, सही मागे घ्या. आत्याला भेटायचंय ना?”

भेटायचंय. पण तुझ्या लेकराकडे पाठ फिरवून आलो, तर तू दार उघडशील आणि मलाच उंबरा ओलांडवणार नाही.

थांब, बेल वाजली.

ताई, दारात तो कारकून उभा आहे. बूट काढून हातात धरलेत. लेकीचा चेहरा उतरला. मी बसा म्हटलं तर बसेना.

“तुमच्या पासपोर्टवर नकाराचा शेरा मारायला दिला होता माझ्याकडे. हात उचलवेना. काल नोकरी सोडली.”

“आणि पासपोर्ट?”

“तो तिथंच राहिला, काका.”

मग काखेतलं पुस्तक त्यानं पुढे केलं, खाकी कव्हर घातलेलं. हळूच म्हणाला, “ओळीत शेवटचं कोण असतं?”

त्याला आत घेतो. तू दाराला कडी लावू नकोस. आधी तुझा लेक येईल.

त्याच्या मागे ओळीत उभा असलेला,
तुझा धाकटा