हेलसिंकी, व्हाया सिकंदराबाद

११ डिसेंबर १९३८, जालना
काल गाडीत एक तरणा गडी मला बघून उठला. म्हणाला, बसा बाबा. बाबा! मी स्टेशनचा मालबाबू, मला नुकतं पस्तिसावं लागलंय. बसलो, पण घर येईपर्यंत निर्णय पक्का केला. बॉक्सिंग पुन्हा सुरू. औरंगाबादला शाळेत मी अजिंक्य होतो. लढत एकच झाली, आणि समोरच्या पोराला गोवर निघाल्यामुळे तो आलाच न्हाई, पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. १९४० चं ऑलिम्पिक जपानहून हलवून हेलसिंकीला नेलंय असं पेपरात आल्तं. तयारीला भरपूर टाइम आहे. हेलसिंकी कुठं आहे ते उद्या बघू.

१२ डिसेंबर
हेलसिंकी नकाशात पार वर आहे. बर्फ. थंडीची सवय पाहिजे म्हणून पहाटे गार पाण्यानं अंघोळ केली. म्हणजे पायांची केली.
बायकोला, सगुणाला, प्लॅन सांगितला. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, सरकार ह्याचे पैसे देतं का? मी म्हणालो, आम्ही अॅमॅच्युअर, आम्ही फुकट लढतो. ती म्हणाली, म्हंजी मार बी फुकटच खायचा? बायकांना स्पोर्ट्समधलं बिलकुल कळत न्हाई.

१९ डिसेंबर
रोज पहाटे कुंडलिकेच्या काठानं रनिंग. पण जालन्यात पहाटे पळणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एकच समज होतो. आज तिघांनी काळजीनं विचारलं, पोट बिघडलं का मालबाबू? उद्यापासून हातात तांब्या घेऊन पळणार. मंग कोणी विचारणार न्हाई.

२० डिसेंबर
तांब्याची आयडिया बराबर. सगळे वाट देतात. स्पीड वाढला.

२ जानेवारी १९३९
पंचिंग बॅग तयार केली. पोत्यात सरकी भरली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगली. जिनिंगवाल्यांच्या ओळखीनं सरकी चांगली मिळाली. सुरुवातीलाच लेफ्ट हुक असा लागला की मनगट सुजलं. पॉवर जास्त आहे, कंट्रोल पाहिजे.

३ जानेवारी
रात्री म्हशीनं बॅग खाल्ली. सगुणा म्हणाली, दूध वाढलं, आणखी एक टांगा.

८ जानेवारी
मी लाइटवेट आहे. पहिल्यापासून. आज मालधक्क्याच्या काट्यावर उभा राह्यलो, तर काटा थेट मिडलवेटवर गेला. तो काटा कापसाच्या गाठींसाठी असतो, माणसाला तो जास्तच दाखवणार. तरी आजपासून एक भाकर कमी.

९ जानेवारी
भाकर कमी केल्यानं चक्कर आली. शरीर तोडून चालत न्हाई. भाकर पुन्हा सुरू, वर दोन कच्ची अंडी.

१५ जानेवारी
सरावाला जोडीदार नव्हता. तालमीतला रामकिसन पैलवान तयार झाला. त्याला नीट सांगितलं की ह्यात धरायचं न्हाई, फक्त ठोसा. तो हो म्हणाला. मी जॅब मारला. त्यानं मला कमरेत धरलं, उचललं आणि कुस्तीच्या हौद्यात अलगद ठेवलं. मी म्हणालो, फाउल. तो म्हणाला, मालबाबू, मला मारता येत न्हाई हो, तुम्ही घरचे. कान, नाक आणि पाकीट मातीनं भरलं. टेक्निकली लढत मीच जिंकलो.

२४ जानेवारी
सिकंदराबादला पुढल्या महिन्यात अॅमॅच्युअर बॉक्सिंगचे सामने आहेत. नाव पाठवलं. तिथून मद्रास, मद्रासहून कलकत्ता, मंग बोट. फोटो कोणत्या अंगानं काढायचा ह्याचा विचार करून राह्यलो आहे. डावं अंग बरं दिसतं.

१ फेब्रुवारी
रनिंग बंद. सर्दी. ओव्हरट्रेनिंग टाळणं हेही ट्रेनिंगच.

९ फेब्रुवारी
स्टेशनवर निरोप. स्टाफनं झेंडूचा हार घातला. हमाल कचरू ओरडला, मालबाबू की जय. मी खिडकीतून दोन शब्द बोललो, परत येईन ते पदक घेऊनच. हे बोलायची गरज नव्हती, पण हारामुळे माणूस वाहवतो. सगुणा सोबत आहे. तिला म्हणालो, तुझं तिथं काय काम? ती म्हणाली, तुम्हाला परत आणायला कोणीतरी लागंल ना.

११ फेब्रुवारी, सिकंदराबाद
मुद्देसूद लिहितो.
इथल्या काट्यातही तोच दोष निघाला. मिडलवेटमध्ये घातलं.
समोर कॉलेजचा पोरगा. मिसरूड फुटलेलं न्हाई. मी ठरवलं, पहिल्या फेरीत फक्त अभ्यास करायचा. अभ्यास चालू असताना त्याचा उजवा आला.
पडलो. वर बघितलं तर मांडवाचं कापड फार सुंदर होतं. रेफरी आकडे मोजत होता. वाटलं, पडून राहावं. कोणी ओळखीचं न्हाई. मंग गर्दीत सगुणा उभी दिसली, पदर तोंडात धरून. उठलो. का, ते माहीत न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी ऐकल्या, हे लिहून ठेवतो, कारण त्यानंतरचं काही ऐकलेलं आठवत न्हाई.
शुद्धीवर आलो तेव्हा तो पोरगा माझ्या तोंडावर पाणी मारत होता. म्हणाला, चाचा, ज्यादा तो नै लगी?
चाचा.

१२ फेब्रुवारी, गाडीत
डावा डोळा बंद. वांग्याएवढा. जालन्याला उतरणं शक्य न्हाई, स्टेशनावर सगळा स्टाफ असणार. परतूरला उतरून वाटूरला सासुरवाडीला जाऊ, सूज उतरेपर्यंत.
सगुणा ओलं फडकं धरून बसलीय. सेलूला फडकं पुन्हा भिजवून आणलं. मंग म्हणाली, पडल्यावर कशाला उठले व्हते? माझा जीव गेल्ता. मी म्हणालो, तू बघत होतीस. तिनं फडकं उलटं केलं आणि जरा जोरात दाबलं.

१४ फेब्रुवारी, वाटूर
परिस्थिती विचित्र.
जावई डोळा काळा करून आलाय, लेक सोबत आहे, लेकीला खरचटलेलंही न्हाई. वाटूरनं आपला निष्कर्ष काढला. सकाळपासून बायका सगुणाला भेटायला येऊन राह्यल्यात. दारातून मला बघतात, मंग आत जाऊन कुजबुजतात. एकीनं तिला चोळीचा खण दिला.
सगुणाला म्हणालो, खरं सांगून टाक. ती म्हणाली, सांगितलं हो. कोणी ऐकत न्हाई. तिनं पुरेसा प्रयत्न केला असं वाटत न्हाई.

१६ फेब्रुवारी, वाटूर
सासऱ्यांना, पुंजारामना, मीच सगळं सांगितलं. रिंग, ग्लोव्हज, कॉलेजचा पोरगा, लेफ्ट गार्ड, हेलसिंकी. ते चिलीम ओढत ऐकत होते. शेवटी आजूबाजूला बघून जवळ सरकले. म्हणाले, जावईबापू, एवढं रचायची काय गरज? आपल्या घरात लाज कसली? हिची आई बी तरुणपणी लई गरम व्हती.
मंग त्यांनी सदऱ्याची बाही वर करून मला एक जुना वण दाखवला.

१९ फेब्रुवारी, जालना
सूज उतरली. रंग राह्यला, पिवळा-हिरवा. भाषण पाठ केलं होतं. पराभव कसा पॉइंट्सवर झाला, रेफरी कसा एकांगी होता. गाडीतून उतरलो. स्टाफ सगळा हजर, पण हार न्हाई. परतूरहून गार्ड लोकांमार्फत बातमी आधीच येऊन पोचली होती. वाटूरची बातमी. सिकंदराबादची कोणी विचारलीसुद्धा न्हाई.
गर्दी बाजूला सरकली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी हात वर केला. कचरू माझ्या बाजूनं पुढं गेला, सगुणाला वाकून रामराम केला, म्हणाला, बाई, गाठोडं द्या, मी घेतो, तुम्ही रागवू नका.
सगुणा म्हणाली, राहू दे कचरू, हे घेतील.
घेतलं.