हत्तीसाठी केलेला अंकुश

उस्ताद, तुमचा हातोडा अजून माझ्याकडे आहे. तोच, वेल्डिंगवरची खपली झाडायचा, लाकडी मुठीचा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज लिहायला बसलोय, कारण परवा थायलंडला जाऊन आलो. मुलानं नेलं. म्हटलं, अरे, जन्म समुद्राकाठी वेल्डिंग करण्यात गेला, आता आणखी कुठला समुद्र दाखवतोस? पण ऐकतो कोण! तिथे किनाऱ्यावर हत्ती होते. पाठीवर बाकडं, बाकड्यावर टुरिस्ट, मानेवर माहूत. माहुताच्या हातातला अंकुश बघितला आणि एकदम आखातातली आपली रास तनुराची रिफायनरी आठवली.

युद्धाचे दिवस. हल्ल्याचा भोंगा वाजला की आपण गॅसचे मास्क चढवून शेडमध्ये भिंतीला टेकून बसायचो, थांबला की यल्ला, परत कामाला. शेजारी तो परांची बांधणारा थाई. त्याच्या मास्कच्या पिशवीत भावाच्या हत्तीचा फोटो. मोडक्या हिंदीत सांगायचा, भाऊ समुद्रावर टुरिस्ट फिरवतो, गावचा अंकुश वाकतो, तू पक्का बनवून दे. मला काय, हुरूपच आला! उरलेल्या सळईचा असा अंकुश घडवला, की टोक नुसतं टेकलं तरी रुतेल.

तुम्ही बघितलात. ओरडला नाहीत. "हात पुढे कर," म्हणालात आणि टोक माझ्या तळव्यावर जरासं दाबलंत. मी हात मागे ओढला.

"लागलं?"

"लागणारच की, उस्ताद."

"मग त्या मुक्या जनावरानं कुणाला सांगायचं? गोल कर ते टोक."

सगळ्यांसमोर! असा राग आला म्हणून सांगू. पण ग्राइंडरवर धरलं आणि टोक बोरासारखं गोल केलं. तुम्ही अंगठा फिरवून बघितलात, खूश झालात आणि पट्ट्यातला हा हातोडा काढून माझ्या हातात ठेवलात. उस्तादानं स्वतःचं हत्यार दिलं की माणूस कारागीर झाला, हे आपल्यात सगळ्यांना ठाऊक. मी घरी पत्रातसुद्धा कळवलं.

परवा नातीनं हट्ट धरला म्हणून तिच्यासोबत मीही हत्तीवर बसलो. हत्ती जरा रेंगाळला की माहूत कानामागे टोचतो. तिथली कातडी सोलवटलेली, ओली. नात विचारते, "आजोबा, त्याला दुखतं?" मी म्हणालो, "नाही गं, त्याची कातडी जाड असते." बोललो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हे वाक्य माझं नव्हतं.

ते त्या थाईचं होतं. हातोडा देऊन तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा तो अंकुश घेऊन आला. म्हणाला, असल्या टोकाला हत्ती दाद देणार नाही. कातडी जाड असते, काही होत नाही. माझा राग तर होताच.

युद्धानंतर तुम्ही चांगली बारा-चौदा वर्षं होतात. दर ईदला तुमच्या घरी यायचो, शिरखुर्मा खायचो, आणि तुम्ही येईल त्याला सांगायचात, हा माझा कारागीर. मी वाटीतला शिरखुर्मा ढवळत राहायचो. हे पत्र आता कुठे टाकणार? हातोड्याच्या डब्यातच ठेवतो. उस्ताद, तुम्ही जेवून परत यायच्या आत मी त्या अंकुशाला पुन्हा टोक काढून दिलं होतं. हातोडा तेव्हा माझ्या पट्ट्यात होता.