परुळेकरांच्या तीननळीचा सुधारित अहवाल

मी, डॉ. विभावरी गुरुनाथ मेस्त्री, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, व्यवसाय क्ष-किरणतज्ज्ञ, मूळ राहणार सावंतवाडी, हल्ली मुक्काम रियाध, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; दबाव टाकण्याइतके जवळ कोणी राहत नाही. बुद्धी शाबूत असल्याबद्दल एवढेच सांगते की माझ्या मेंदूचा एमआरआय गेल्या महिन्यात मीच वाचला. वयाच्या मानाने झीज बेताची आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. माझा पुतण्या निमिष यतीन मेस्त्री, जो इथेच रियाधला बँकेत आहे, त्याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. तो कागदपत्रांत चोख आहे आणि फोन उचलायला आळशी आहे. दोन्हींची नोंद असावी.

२. मृत्यू इथे झाल्यास देह सावंतवाडीला न्यावा. रुग्णालयाचे पत्र, पोलिसांचा कागद, वकिलातीचा दाखला आणि इकामा, म्हणजे इथला निवासपरवाना, रद्द केल्याची नोंद, या सगळ्याला दहा-बारा दिवस लागतात. निमिषने सुट्टी पहिल्याच दिवशी टाकून वाया घालवू नये. दिवसकार्य करू नये. केलेच तर जेवण तरी चांगले करावे.

३. पुण्याची सदनिका निमिषला मिळावी. तिच्यासोबतची गाडी उभी करण्याची जागा सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी अकरा वर्षे न विचारता वापरली आहे. ती माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत मोकळी करून घ्यावी व याबाबत कोणतीही भीडभाड बाळगू नये.

४. दोन्ही देशांतली शिल्लक आणि नोकरीअखेरची रक्कम माझे थोरले बंधू यतीन गुरुनाथ मेस्त्री यांना मिळावी. ही भरपाई नव्हे. माझ्या हातून जे झाले ते भरपाई होण्यासारखे नव्हते, हे कलम सहामध्ये दिसेल.

५. पितळी कड्याचे भिंग आर्याला, म्हणजे निमिषच्या मुलीला, मिळावे. मराठीत विचारले की ती इंग्रजीत उत्तर देते, पण समोरची वस्तू नीट बघितल्याशिवाय बोलत नाही. आमच्या घराण्यात हा गुण एकाच माणसात होता. ते माझे वडील. तो माझ्यात आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होते.

६. माझ्या कपाटात पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळलेली एक वही आहे. ती यतीनदादाला मिळावी. सोबत पुढील मजकूर त्याला वाचून दाखवावा.

माझे वडील गुरुनाथ मेस्त्री सावंतवाडीला बंदुका दुरुस्त करीत. शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ येत, आणि अधूनमधून एखाद्या जुन्या घराण्यातली जर्मन तीननळी येई: वर छऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. जर्मनीत बंदूक विकण्याआधी सरकारी परीक्षागृहात तिच्यातून जादा दारूचा बार काढून पाहतात आणि नळी टिकली की पोटाशी बारीक ठसे मारतात. मुकुटाखाली यू हे रोमन अक्षर म्हणजे तपासली. जी म्हणजे आत आटे पाडलेली, गोळीची. एस म्हणजे गुळगुळीत, छऱ्यांची. हे मी पाढ्यांच्याच वयात शिकले. दादाला त्यात रस नव्हता. त्याचा हात कानशीवर चांगला होता.

बाबांचा एक नियम होता. बंदूक दुकानात आली की आधी तिचे सगळे ठसे वहीत उतरवायचे, खाली मालकाची सही घ्यायची, मग हत्याराला हात. उद्या कोणी "बदलली" म्हणू नये.

२०१३ साली तसे म्हणणारे आले. विवेकराव परुळेकर यांनी आपली तीननळी किंमत काढायला दिली, तेव्हा तिच्यावर "६ २६" असा आकडा निघाला. बंदूक तर त्यांच्या आजोबांनी १९०९ साली घेतलेली, पावती घरात. मधल्या काळात ती एकदाच बाहेर गेली होती: १९७४ साली, दुरुस्तीला, आमच्या दुकानात. म्हणजे मेस्त्रींनी असली बंदूक ठेवून घेऊन दुसरी परत दिली, असे विवेकराव भर दुकानात बोलले. बाबा तेव्हा पंचाऐंशीचे होते. दादाने चौऱ्याहत्तरची वही शोधली. ती सापडली नाही. मग दादा म्हणाला, माझी बहीण सांगेल ते दोघांनीही मानायचे. विवेकरावांनी मान्य केले.

दादाने मला चार छायाचित्रे पाठवली. दोन सीटी स्कॅनच्या मधल्या वेळात मी उत्तर दिले, ते असे: "६ २६ म्हणजे जून १९२६. ही १९०९ ची बंदूक नव्हे." त्यानंतर दादाने पुन्हा वहीचे विचारले तेव्हा बाबा म्हणाले, ती वाळवीने खाल्ली.

मी सत्तावीस वर्षे इथे अहवाल लिहिते. जुनी फिल्म मागवल्याशिवाय मी कोणाच्या फुप्फुसावरच्या डागाबद्दल शब्द लिहीत नाही. त्या दिवशी मी पाचवे छायाचित्र मागितले नाही. उजव्या नळीची कड चौथ्यात कापली गेली होती, हे मला दिसले होते. मी सोडून दिले. मला घाई होती, आणि खरे सांगायचे तर, माझा शब्द शेवटचा मानला जातो आहे याचे सुखही होते.

फौजदारी काही सिद्ध झाले नाही. पण दुकानात बंदूक येईनाशी झाली आणि पुढच्या वर्षी दादाने पाटी उतरवली. पाटीबरोबर बाबांचा भिंतीवरचा तरुणपणीचा फोटोही उतरवला, तो पुन्हा लावला नाही. आपल्या बापाने बंदूक बदलली असे तो आजही मानतो. बाबा त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत, त्याच्याशी किंवा माझ्याशी.

२०१६ साली ते गेले. बाराव्याच्या दिवशी दादाने मांजरपाटात शिवून बंद केलेले एक पुडके माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "ह्या बाबांनी तुकाच दिल्यानी." मी ते रियाधला येऊन उसवले. ती चौऱ्याहत्तरची वही होती. वाळवीचे एक भोक नव्हते.

परुळेकरांच्या पानावर सगळे ठसे आहेत. यू, जी, एस, कोणतीही तारीख नसलेले. तेवढ्या जुन्या बंदुकांवर बहुधा तारीख नसतेच. आणि उजव्या नळीच्या कडेला, "६ २६" च्या शेजारी, मुकुटाखाली आर. आर म्हणजे दुरुस्ती करून पुन्हा तपासली. बंदूक १९०९ चीच होती. १९२६ साली ती दुरुस्तीला परत जर्मनीला गेली होती, आणि तारीख त्या दुरुस्तीची होती. पानाखाली विवेकरावांच्या वडिलांची सही आहे.

त्या पानावरचे अक्षर बाबांचे नाही. माझे आहे. मी तेरा वर्षांची होते, माझा हात बारीक चाले, म्हणून मुकुट ते माझ्याकडून काढून घेत. तो आर मी स्वतः काढला होता आणि विसरून गेले होते. त्या पानात माझ्या दोन ओळींच्या उत्तराची छापील प्रत चौघडी घालून ठेवली होती. म्हणजे बाबांनी वही काढली होती, ताडून पाहिली होती आणि शिवून टाकली होती. स्वतःला सोडवायचे तर त्यांना माझेच अक्षर माझ्यापुढे धरावे लागले असते. चार लोकांत मला खोटे पाडण्यापेक्षा त्यांनी चोर ठरणे पत्करले.

हे मला नऊ वर्षे ठाऊक आहे. मी सांगितले नाही, कारण मला लाज वाटत होती, आणि नंतर न सांगितल्याचीही लाज वाटू लागली. याला दुसरे कारण नाही.

सबब सुधारित अहवाल: परुळेकर यांची तीननळी हीच त्यांची मूळ बंदूक आहे. ती कोणीही बदललेली नाही. पूर्वीचा अहवाल चुकीचा होता. चूक अहवाल देणाऱ्याची. याची एक प्रत विवेकरावांना पोचती करून पावती घ्यावी.

७. पुरवणी, आजच्याच तारखेची. वरील मजकुरावर सह्या करण्यासाठी साक्षीदार आज दुपारी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये आले. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचण्याची गरज नसते, पण उमैर शेख हा आमचा मिरजेचा रेडिओग्राफर हाती आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. कलम सहा वाचून तो म्हणाला,

"मॅडम, दादा केवढे आहेत?"

"एकोणसत्तर."

"शुगर आहे?"

"आहे. बायपासही झाली आहे."

"मग तुमच्यानंतर हे ऐकणार कोण?"

दुसरी साक्षीदार, डॉ. वीणा सामंत, हिने माझा फोन माझ्यापुढे सरकवला.

मी दादाला फोन करून कलम सहा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले.

"म्हणजे वाळवी लागाक नाय," तो म्हणाला.

"नाही."

"तुका कधी कळला?"

"नऊ वर्षं झाली, दादा."

तो म्हणाला, "वही टपालान धाडू नको. तू घेवन ये. आणि भिंग हाड. माझा फुटला."

सबब कलम सहामधील वहीची तरतूद रद्द. ती माझ्या मागे द्यावयाची राहिलेली नाही. गुरुवारच्या विमानाने मी ती स्वतः नेत आहे, आणि विवेकरावांकडेही मीच जाईन. कलम पाचमधील भिंगही तूर्त माझ्यासोबत जात आहे. आर्याने थोडे थांबावे. बाकी सर्व कलमे कायम.

वरील मजकूर मी पुन्हा एकदा, घाई न करता, वाचला आहे आणि तो बरोबर आहे.

ठिकाण: रियाध
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: विभावरी गुरुनाथ मेस्त्री

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. वीणा सामंत
२. उमैर शेख