पश्चिमेच्या भिंतीवरची वायर

आबा, आज तुमच्याशी मी एकटी बोलत नाही. माझ्यामागे वायरमनच्या, गवंड्यांच्या, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या लेकी उभ्या आहेत. आमची तक्रार एकच आहे. बापांनी आम्हाला शिकवलं, चारचौघांत मिरवलं, आणि स्वतःच्या हातातलं कसब मात्र मुलाच्या हातात ठेवलं.

जळगावच्या घरी मी विजेवर चालणारी गाडी घेतली. तिच्या चार्जरसाठी वायर निवडायची होती. शोरूमचा माणूस म्हणाला, "मॅडम, सहा एमएम भरपूर झाली." मी त्याला पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. मीटरपासूनचा पाइप याच भिंतीवरून येणार, आणि मे महिन्यात तिला हात लावता येत नाही. गिझर घटकाभर चालतो, गाडी तासन्‌तास वीज ओढते. तापलेल्या पाइपात सहाची वायर आणखी तापणार. "दहाची घ्या. तांब्याची, मीटरपासून स्वतंत्र," मी म्हटलं. हे मी वाचून, तक्ते पाहून ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं. तो म्हणाला, "घरात कुणी जाणतं असेल तर विचारून घ्या ना." जाणता म्हणजे तुमचा धाकटा. तो धुळ्याहून आला, भिंतीवर तळहात टेकवला, चटकन काढून घेतला आणि म्हणाला, "दहाचीच लागेल." आई ओट्यावरून ओरडली, "बठ्ठा बापच शे!" म्हणजे अगदी बापच उतरलाय. शोरूमवाल्यानेही मान डोलावली. वाक्य तेच होतं, आबा! सभेत माझ्या एका शब्दावर माणसं उठून उभी राहतात, आणि माझ्याच अंगणात माझं म्हणणं भावाच्या तोंडून निघेपर्यंत खरं ठरत नाही.

धरणगावची कापसाची जिनिंग मिल आठवते, तुम्ही तिथले वायरमन. रविवार आहे, यंत्रं बंद आहेत, तरी कापसाचे तंतू हवेत तरंगतायत. तुम्ही पॅनेल उघडून बसलात आणि धाकटा तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून. मी टेस्टर उचलते. तुम्ही म्हणता, "ठेव ते. तुझं तोंड चालतं, तेच चालव." कामगार हसतात. तुम्हीही हसता. पुढे वक्तृत्वात पहिली आले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलंत, आणि त्याच आठवड्यात त्याला तुमची पक्कड दिलीत. पेन कोरं करकरीत होतं, पक्कड तुमच्या मुठीने गुळगुळीत झालेली. मला ती वापरलेली वस्तू हवी होती. तुमच्या कामात माझा वाटा एवढाच, की उन्हाळ्यात अर्थिंगची माती कोरडी पडू नये म्हणून त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं.

परवा चार्जरसाठी वेगळं अर्थिंग केलं. धाकट्याने खड्ड्यात मीठ-कोळसा भरला आणि बादली माझ्यापुढे धरली. "अक्का, ओत पाणी." सूर थेट तुमचा.

"तूच ओत. पक्कड दे, चार्जरची टोकं मी जोडते."

"अक्का, हे भाषण नाही. इथे चुकलं की टाळ्या नाही, ठिणग्या पडतात."

"मग मेन बंद कर आणि बाजूला हो."

त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिलं, आणि पक्कड दिली. मी वायर सोलली, टोकं बसवली, स्क्रू आवळले. घामाने बोटं निसटत होती. झाल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि प्रत्येक स्क्रूला अर्धा आटा आणखी दिला. तुम्ही त्याच्या कामावर असाच अर्धा आटा द्यायचात. मी लांबून, बाकावर बसून पाहायचे. आता तो अर्धा आटा माझ्याही वाट्याला आला, पण धाकट्याच्या हातून, उसना.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि व्यासपीठावरून वाचायचं माझं धाडस नाही. गाडी रोज चार्ज होते, काम चोख झालंय, तरी हेवा गेलेला नाही. खरं सांगते, त्याची अक्कल मला नकोच आहे, ती मी वाचून मिळवली. तुमच्या शेजारी तो जे मुके रविवार बसला, ते कुठल्या ग्रंथालयात मिळतात?

म्हणून लेकींनो, ज्यांचे बाप अजून हिंडतेफिरते आहेत त्यांनी ऐका. येत्या रविवारी तो कामाला निघाला, की त्याच्या हत्यारांची पिशवी आधी तुम्ही उचला.