श्वासाचे पीक

४ फेब्रुवारी

बस वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली, आणि सामानही सगळे माझेच निघाले; प्रवासाबद्दल याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही. लिहिण्याजोगे आहे ते काचघर. शाळेचे सभागृह भिंतींसकट आणि छतासकट काचेचे करावे, आणि आत बाकांऐवजी वेलांच्या रांगा लावाव्यात, तसे ते दिसते. इतकी वर्षे मुलांना फळ्यावर पान काढून दाखवले. आता हंगाम संपेपर्यंत खऱ्या पानांत राहायचे. आणखी काय हवे माणसाला?

केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसते 'बाई' म्हणतात. त्यांनी स्वतः हिंडून सारे दाखवले. इथे पीक एकच, त्याचे नाव तिहेरी. त्याचा कंद खायचा, वाळलेली कांडे इंधन म्हणून जाळायची, आणि मुळे मैल्या पाण्यातील क्षार शोषून पाणी निवळ करतात. अन्न, ऊर्जा आणि पर्यावरण अशी तीन कामे एकाच वेलाकडून! माझ्याकडे दोन कामे आहेत: रोजची वाढ मोजणे, आणि लागवड करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका लिहिणे. बाई म्हणाल्या, माझी आई फोनवर विचारते, त्या वेलाशीच लग्न लावलंस का गं, आणि मी सांगते, निदान तो घोरत तरी नाही.

रविवारी सुट्टी. दर रविवारी घरी यायचे, या एकाच अटीवर हिने, म्हणजे माझ्या बायकोने, मला सोडले आहे. आमची कन्या नऊ वर्षांची; एका जागी ठरत नाही म्हणून तिचे नाव भिंगरी. तिने तर सायकल शिकवण्याचे वचनच घेतले आहे.

७ फेब्रुवारी

पुस्तिकेचे पहिले पान आज लिहिले. झाडाचे वजन कोठून येते, असे कोणालाही विचारावे. उत्तर येते, मातीतून. आणि ते चूक असते! माती देते ती चिमूटभर मीठमसाल्याएवढी. खरा ऐवज येतो हवेतून. पानाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. उजेड असला की ती उघडतात, हवेतील कर्बवायू आत घेतात, आणि सूर्याच्या ऊर्जेवर त्याची साखर घडवतात. लाकूड, पीठ, तेल ही सारी मुळात हवाच. उन्हाने बांधून ठेवलेली.

आणि कर्बवायू तर आपण प्रत्येक उच्छ्वासात बाहेर टाकतो. म्हणून इथे एक गमतीदार रिवाज आहे. निरीक्षकाने खुर्ची, टेबल, जेवणाचे ताट सगळे वेलांतच मांडायचे. बाई म्हणाल्या, बाहेर सोडलेला श्वास म्हणजे गटारात ओतलेले खत. मी तिसऱ्या वाफ्यात बसतो. मी सोडलेला श्वास महिन्याभराने कंद होऊन माझ्याच ताटात येणार, या विचाराने सकाळपासून हसतो आहे.

दुपारी उजेड भरात आला, की एक मंद वास पसरतो. ओली पाटी आणि नुकतीच कापलेली काकडी, यांच्या मधला कुठलासा.

मागच्या भिंतीत तापलेली हवा बाहेर टाकणारा पंखा आहे. त्याच्यासमोर बाहेरच्या अंगाला एक वृद्ध गृहस्थ स्टूल टाकून बसतात, तोंड पंख्याकडे. त्यांना पंखेवाले आजोबा म्हणतात. मला पाहून त्यांनी विचारले, आलात का पुढचे?

१० फेब्रुवारी

काल घरी जाऊन आलो. भिंगरीने सायकलच्या पहिल्याच दिवशी कुंपण आणि शेजाऱ्यांची कुंडी दोन्ही आडवी केली. हिने तक्रार केली की झाडांना इतकं समजून घेता, मला कधी एवढं समजून घेतलंत का? दुपारनंतर माझे डोके मात्र जड झाले. बसचा धूर असावा. परतल्यावर काचघरात पाऊल टाकले आणि दुखणे असे गेले, जणू कोणी हाताने उचलून ठेवले. इथली हवाच स्वच्छ! पुस्तिकेत घालावे.

१७ फेब्रुवारी

कालचा रविवार बरा गेला नाही. श्वास आत जाई, पण पुरत नसे. भिंगरीची सायकल मागून धरली होती. ती सोडून मी भिंतीला धरले. पोरगी पडली. गुडघा सोलवटला, पण ती रडली नाही. एवढेच म्हणाली, बाबा, सोडलंत कशाला? उत्तर द्यायला हवे होते, आणि मी परतीच्या बसचा विचार करत होतो.

आत आल्यावर पाच-दहा श्वासांत पूर्ण बरा झालो. याला काही कारण असले पाहिजे. शोधतो.

२४ फेब्रुवारी

काल घरी गेलो नाही. मोजमाप अर्धे राहिले होते, असे फोनवर सांगितले. ही म्हणाली, तिकडेच मुळं फुटली का तुम्हाला? मी हसलो, ती हसली नाही.

खाट आत हलवली आहे. झोप उत्तम लागते.

एक निरीक्षण. तिसऱ्या वाफ्यातील पाने उन्हाऐवजी माझ्या खुर्चीकडे कलली आहेत. यात गूढ काही नाही. रोपाची वाढ जिकडे पोषण अधिक, तिकडे झुकते. तरी जेवताना कोणीतरी आपल्या ताटाकडे पाहत असावे, तसे वाटते खरे.

२७ फेब्रुवारी

आज पंख्याच्या जाळीतून आजोबांशी बोललो. तिहेरीच्या अगदी पहिल्या हंगामापासून निरीक्षक तेच होते! गेल्या वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, आणि आठवडा संपायच्या आत परत आले. आता सून रोज डबा आणून देते आणि सुनावते की मामंजी, तुमचा जीव त्या पंख्यात अडकलाय, काढून घरी तरी आणा. हे सांगताना ते खूप हसले. पावसात काय करता, असे विचारले. म्हणाले, भिजतो.

मग त्यांनी अगदी अजीजीने विनवले की खुर्ची जरा डावीकडे घ्या, तुमच्या पाठीमुळे वारा अडतो.

१ मार्च

सापडले. सावकाश आणि क्रमाने लिहितो. शिकवण्याची सवय अशी कामी येईल असे वाटले नव्हते.

बियाणे निवडण्याची इथली पद्धत साधी आहे. हंगामाअखेर ज्या वेलाचे कंद सर्वांत भारी, त्याचेच बी पुढे पेरायचे. बाकीचे टाकून द्यायचे. पद्धत निर्दोष आहे. जगभर अशीच चालते. परंतु इथे कंद भारी कशाने होतो? माणसाच्या श्वासाने. श्वास कोणत्या वेलाला अधिक मिळतो? ज्याच्याजवळ माणूस अधिक वेळ बसतो त्याला. आणि माणूस कोणत्या वेलाजवळ अधिक बसतो?

ज्याचा वास त्याला उठू देत नाही, त्याच्याजवळ.

पहिल्या हंगामात तो वास कुण्या एका वेलाला किंचित असेल. आजोबांना तिथे बसावेसे वाटले असेल, एवढेच. त्याचे कंद भरले, त्याचे बी ठेवले गेले. पुढच्या हंगामात त्या बियांतून पुन्हा अधिक वासाचा वेल निवडला गेला. पिढ्यानपिढ्या हेच. आम्ही कंद निवडतो आहोत असे सर्वांना वाटत राहिले. प्रत्यक्षात निवडली गेली ती माणसाला बसवून ठेवण्याची कला. वेलाला बुद्धी नाही, हेतू नाही, द्वेष तर नाहीच. बुद्धी आमची होती. आम्हीच दर हंगामाला तराजू घेऊन आपल्याच गळ्यातले हे दावे वळत आलो.

गाय चारा खाते तेव्हा तिला वाटत असेल, हा माणूस माझी सेवा करतो.

किती सुंदर सिद्धान्त आहे! लिहून झाल्यावर उठावे आणि मोकळ्या हवेत फेरी मारावी, असे मनात आले. दार उघडेच असते. मी बराच वेळ दाराकडे पाहत बसलो.

३ मार्च

बाईंना सगळे समजावून सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले, मध्ये दोन अचूक शंकाही विचारल्या. मग म्हणाल्या, वा, हे पुस्तिकेत नक्की घ्या. मी विचारले, तुम्ही घरी कधी गेला होता? त्यांनी आठवून पाहिले. आठवत राहिल्या. त्यांच्या खोलीची खिडकी काचघरात उघडते, हे माझ्या आज लक्षात आले. तिची झडप काढून टाकलेली आहे.

शेवटी त्या म्हणाल्या, इथे कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नाही, ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं.

आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिले. दोघेही उठलो नाही.

५ मार्च

आज आभाळ भरलेले होते. विचार असा केला: उजेड कमी, तर पर्णरंध्रे आवळलेली, ती आवळलेली, तर वासही कमी. निघायचे तर आजच. थेट घर गाठायचे, काय व्हायचे ते हिच्यासमोर होऊ दे.

फाटकापर्यंत ठीक. रस्त्यावर छाती आवळली. बसथांब्याचा खांब धरला. बस दिसली, तिचा आवाज ऐकला — दार उघडलेले पाहिले — पायरीवर पाय ठेवल्याचे आठवते.

त्यानंतरचे आठवते ते एवढेच की माझे तोंड पंख्याच्या जाळीला चिकटलेले होते आणि गालावर लोखंडाचा गारवा होता. शेजारी आजोबा. त्यांनी सरकून मला स्टुलावर जागा करून दिली.

६ मार्च

विळ्याने तिसरा वाफा कापायला घेतला. एकच वेल कापला. कापलेल्या पानातून वास कितीतरी पटींनी बाहेर पडतो, हे मुलांना मीच शिकवले आहे. गवत कापल्यावर येतो तसा —

संध्याकाळी जाग आली. विळा दूर कोपऱ्यात. मीच टाकला असणार.

७ मार्च

हिचा फोन. आवाज रडवेला. म्हणाली, तुम्ही येत नाही तर आम्हीच येतो, रविवारी, भिंगरीला घेऊन.

येऊ नका, असे सांगायचे होते. शब्द जुळवून ठेवले होते. काय वाटेल ते खोटे सांगेन, साथ आली आहे म्हणेन. तोंड उघडण्यापूर्वी श्वास घेतला, आणि माझाच आवाज ऐकू आला: नक्की या. दोघी या. राहायलाच या. भिंगरीला इथे पळायला खूप जागा आहे.

ही खूश झाली. किती दिवसांनी नीट बोललात, म्हणाली.

मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो. हे मला तेव्हा का सुचले —

८ मार्च

पुन्हा फोन लावला. दोनदा. दोन्ही वेळा तेच बोललो. दुसऱ्यांदा तर कपडे जास्त आणा, असेही.

एक उपाय आहे. श्वास रोखला की वास आत जात नाही. तेवढा वेळ पाय माझे असतात. करून पाहिले. खुर्चीपासून दारापर्यंत जाता येते. दाराला आतून कडी आहे. उद्या त्या फाटकात दिसल्या की कडी लावायची. मी आत, त्या बाहेर. माझे काय व्हायचे ते होवो. भिंगरी आत येता कामा नये. एवढे एकच —

९ मार्च

ऊन लख्ख. वास फार.

फाटक वाजले. त्याच. ही बाईंच्या खोलीच्या बाहेरच्या दाराशी थांबली आहे. बाई हसून काही सांगताहेत, हाताने इकडे दाखवताहेत. भिंगरी पुढे पळत सुटली.

पाने खुर्चीकडे नाहीत. दाराकडे वळली आहेत.

श्वास रोखतो. वही घेऊन जातो —

कडी लागली. ती काचेला नाक लावून उभी आहे. बाबा उघडा, म्हणते. हसते. बोलायचे तर आधी श्वास घ्यावा लागेल. म्हणून लिहून दाखवतो —

भिंगरी, परत जा. आईला घेऊन लगेच परत जा.

वाचत नाही. खेळ वाटतो तिला. दार ढकलते. छाती फुटते आहे — मोठ्या अक्षरांत लिहितो — परत —

घेतला. एकच श्वास घेतला.

ओली पाटी आणि काकडी. किती छान. उगाच घाबरलो होतो. कडी काढतो. तिला तिसऱ्या वाफ्यात बसवावे, माझ्या खुर्चीशेजारी. पळत आल्यामुळे चांगली धापा टाकते आहे, केवढा भरभर श्वास तिचा, आणि तो सगळा बाहेर वाया